पाहिले, योग्य

बोरसे सरांनी खरोखर काय काय पाहिलं ते देव जाणे, पण 'पाहिले, योग्य' असं हिरव्या शाईत लिहून खाली सही मात्र त्यांनी हाती लागेल त्या कागदावर केली. हजेरीपट, शिपायाचा रजेचा अर्ज, मुलांच्या प्रयोगवह्या, काचसामानाची यादी. एका वर्षी भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरवर जानेवारीच्या पानाखालीही ती सही मला दिसली. म्हणजे सरांनी जानेवारी महिना तपासला होता आणि त्यांना तो योग्य वाटला होता.

धुळ्याच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. निवृत्त माणसाबद्दल चार शब्द बरे बोलावेत अशी आपल्याकडे रीत आहे. निरोप समारंभात मी ते बोललोही. हार घालताना बोललेलं कोणी मनावर घेत नाही म्हणून बरं, नाहीतर त्या भाषणाबद्दल मला अजून कुठेतरी जाब द्यावा लागला असता.

हिरवी शाई मोठ्या साहेबांनी वापरायची असते. सरांना तो अधिकार कोणी दिला हे कोणी विचारलं नाही. शाईचं पेन सफारीच्या वरच्या खिशात असायचं. सही करायची म्हटली की ते काढायचं, टोपण सावकाश फिरवून उघडायचं, समोरच्याला ताटकळत ठेवायचं, सही झाली की तिच्यावर दोनदा फुंकर मारायची. समोरचा कागद मात्र वाचायचा नाही. अकरा वर्षांत सरांना सहीच्या आधी कागद वाचताना मी एकदाच पाहिलं. त्या एकदाचीच ही गोष्ट आहे.

सरांचा दुसरा अभिमान म्हणजे त्यांची नजर. "महाजन, मी तोंड बघून गाव सांगतो," असं ते मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे. जूनमध्ये नवी मुलं आली की पहिल्याच तासाला हा खेळ व्हायचा. एकेकाला उभं करायचं, मान तिरकी करून बघायचं आणि म्हणायचं, "तू अमळनेरचा." पोरगं चकित. "तू सावद्याची, केळीवाल्यांच्या घरची." पोरगी लाजून खाली बसायची. वर्ग टाळ्या वाजवायचा. प्रवेशअर्जांचा गठ्ठा आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्या टेबलावरून सरांच्या टेबलावर जायचा, त्यावर फोटो असायचे, हे वर्गाला माहीत नव्हतं. मला होतं.

एकदा गठ्ठ्यात नसलेला, उशिरा प्रवेश घेतलेला मुलगा मध्येच बसला होता. सरांनी त्याला उभं केलं.

"तू सावद्याचा."

"नाही सर. धरणगाव."

"मग आजोळ सावद्याचं."

"आजोळ पण धरणगावच, सर."

सरांनी मान दुसऱ्या बाजूला तिरकी केली. "आईला विचार. तिची आजी सावद्याची निघेल," म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. मुलगा खाली बसला. वर्गाने त्याही वेळी टाळ्या वाजवल्या.

माणसांपुरतं हे चाललं असतं. पण सर ते माशांनाही लावायचे. मरळ हा त्यांचा आवडता मासा, अभ्यासालाही आणि ताटातही. "पांझरेची मरळ वेगळी, गिरणेची वेगळी. तोंडावरनं कळते," असं आमच्या भागातल्या या दोन नद्यांबद्दल त्यांचं ठाम म्हणणं. दर रविवारी बाजारात सुमनअक्काच्या पाटीपुढे पिशवी घेऊन उभे राहायचे. मीही बऱ्याचदा तिथे असायचो.

"ही गिरणेची ना गं?" एक मरळ वर उचलून सर विचारायचे.

"आते तुम्हीच सांगा, सर. तुम्हले बठ्ठं समजस," अक्का म्हणायची.

"गिरणेचीच." सर खुशीत घरी जायचे.

एका रविवारी सर वळल्यावर अक्का माझ्याकडे बघून पदरात हसली. "महाजन भाऊ, बठ्ठी एकच तयानी शे," म्हणाली. सगळी मासळी एकाच तळ्यातली होती. वर्षानुवर्षं ती त्याच तळ्यातून यायची. त्यातली निम्मी सर गिरणेला वाटायचे आणि निम्मी पांझरेला.

मग विभागात वैशाली भोई आली.

ती धरणगाव तालुक्यातल्या गिरणाकाठची. वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, आयुष्यभर डोहांवर जाळं टाकत आलेले. ही त्यांची थोरली, एमएस्सी झालेली, तासिका तत्त्वावर शिकवणारी. पीएचडी झाली तर कुठेतरी कायमची नोकरी, नाहीतर दरवर्षी जूनमध्ये पुन्हा अर्ज. विषय तिनेच आणला होता. डोळ्यांना दोन नद्यांची मरळ सारखीच दिसते. पण बंधारे आणि धरणांमुळे मासे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळले नसतील, तर त्यांच्या डीएनएत बारीक बारीक फरक साठत गेलेले असणार. ते वाचता आले तर कुठला मासा कुठल्या पाण्याचा हे सांगता येईल, आणि कुठल्या पाण्यात बाहेरचं मत्स्यबीज सोडू नये हेही. सर म्हणाले, "मी तर तोंडावरनंच सांगतो. पण कर तू. मशीननं सिद्ध झालेलं बरं."

पोरीने चार वर्षं दोन्ही नद्या पालथ्या घातल्या. एसटीने जायचं, कोळ्या-भोयांच्या हातापाया पडून ताजी मरळ मिळवायची, तिच्या पोहायच्या पंखाचा, म्हणजे पराचा, नखाएवढा तुकडा कापायचा, स्पिरिटच्या छोट्या नळीत टाकायचा आणि सोबत कागदाची चिठ्ठी: नदी, डोह, तारीख. चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली. स्पिरिटमध्ये शाई टिकत नाही, शिसं टिकतं, हे प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही आम्ही सांगतो. म्हणजे मी सांगतो.

शंभराच्या वर नळ्या झाल्या तेव्हा एका समितीची कॉलेजला भेट ठरली. सर विभाग सजवायला निघाले. नळ्यांचा खोका उघडला आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

"हे काय, पेन्सिल? पहिलीतली पोरं लिहितात पेन्सिलीनं. समिती काय म्हणेल?"

वैशाली म्हणाली, "सर, शाई स्पिरिटमध्ये..."

"माझी शाई साधी नाही," सर म्हणाले.

दोन दिवस बसून सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात सगळ्या चिठ्ठ्या हिरव्या शाईत पुन्हा लिहिल्या आणि जुन्या कचऱ्यात टाकल्या. मग नळ्या स्टँडमधल्या क्रमातून काढून काचेच्या कपाटात गोलाकार मांडल्या, कारण तशा त्या छान दिसत होत्या. समिती आली, चहा प्यायली, काचेच्या कपाटापुढे फोटो काढून गेली. चार दिवसांनी मी कपाट उघडलं तर प्रत्येक नळीत हिरवं सरबत होतं आणि चिठ्ठ्या कोऱ्या.

वैशाली त्या दिवशी नदीवर होती. सर घाबरले असतील असं मला वाटलं. पण घाबरणाऱ्यातले ते नव्हतेच. "रजिस्टर घे, महाजन," म्हणाले. एकेका नळीतून चिमट्याने तुकडा काढायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, मान तिरकी करायची.

"पांझरा."

मी लिहिलं.

"गिरणा. हा बघ, गिरणेचा पर असा आखूड."

तो पर कापताना आखूड झाला होता. मी लिहिलं, गिरणा. आतापर्यंत निदान तोंड तरी लागायचं, आता नखाएवढ्या तुकड्यावरही भागत होतं. दुपारपर्यंत सगळ्या नळ्यांना नद्या मिळाल्या, डोह मिळाले, तारखासुद्धा मिळाल्या. रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली सरांनी सवयीने लिहिलं, 'मी स्वतः पाहिले, योग्य', सही केली आणि फुंकर मारली. मी एक शब्द बोललो नाही. माझा पगार सरांच्या हातात नव्हता, बदलीही नव्हती. तरी मी मूग गिळून बसलो, आणि या गोष्टीत सरांवर जेवढं थुंकावंसं वाटतं त्यातले चार शिंतोडे माझ्याही अंगावर पडतात, ते मला मान्य आहे.

संध्याकाळी वैशाली परतली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. सरांच्या पाठीमागे सांगितलं, अर्थात. तिने एक हिरवी नळी उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "तारखासुद्धा?"

सरांनी नमुने तसेच पुण्याला तपासणीला पाठवले. अहवाल आला तो विचित्र होता. मरळींचे दोन स्वच्छ वेगळे गट दिसत होते, पण दोन्ही गट दोन्ही नद्यांत निम्मे निम्मे. शहाण्या माणसाने कपाळाला हात लावला असता. सरांनी सिद्धान्त लावला. कधीतरी फार मोठा पूर आला असणार, दोन्ही नद्या जिला मिळतात त्या तापीतून मासे उलटसुलट चढले असणार आणि दोन्ही नद्यांत दोन्ही जाती मिसळल्या असणार. एका चर्चासत्रात त्यांनी तो पूर हातवारे करून वर्णन केला. ऐकणाऱ्यांचे पाय ओले झाले असतील.

"सर," वैशाली म्हणाली, "नद्या नाही मिसळल्या. नळ्या मिसळल्यात."

"मग चूक तुझी," सर शांतपणे म्हणाले. "नमुने तुझे, प्रबंध तुझा. माझा सिद्धान्त लिहायचा असेल तर लिही, नाहीतर माझी सही मिळणार नाही."

नोंदणीची मुदत त्या वर्षअखेर संपत होती. चार वर्षं, आणि पुढची सगळी, त्या एका सहीवर लटकलेली.

आठ दिवस ती आली नाही. नवव्या दिवशी आली ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं होती, गावात गेल्या आठ-दहा वर्षांत झालेल्या लग्नांची, गणपती छापलेली, हळदीचे डाग असलेली. प्रत्येक पाकिटात वाळलेल्या पराचा तुकडा आणि पाकिटावर पेन्सिलीने नदी, डोह, तारीख. नळीसाठी तुकडा कापला की उरलेला पर ती पाकिटात घालून घरी चुलीपासून दूर, दांडीवर वाळवायची. ही आबांची अक्कल होती. पहिल्या नमुन्याच्या दिवशीच ते तिला म्हणाले होते, "पोरी, बठ्ठी जायी एकच डोहम्हा टाकानी नई." सगळी जाळी एकाच डोहात टाकू नयेत. वाळलेल्या परातलाही डीएनए वाचता येतो हे आबांना माहीत असायचं कारण नव्हतं. वाळवलेली मासळी टिकते एवढं माहीत होतं.

पाकिटं पुण्याला गेली. या वेळी अहवाल लख्ख आला. गिरणेची मरळ एकीकडे, पांझरेची दुसरीकडे, मध्ये भिंत घातल्यासारखी. वैशालीने दोन्ही अहवाल सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मी दारात होतो. आता हा माणूस काय करणार, याची मला आसुरी उत्सुकता होती.

सरांनी दुसऱ्या अहवालावरचं चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"बघ! वेगळ्या आहेत. मी काय सांगत होतो इतकी वर्षं? तोंडावरनं कळतं!"

पूर एका क्षणात ओसरला. त्याच पेनाने त्यांनी अहवालावर 'पाहिले, योग्य' लिहिलं. माझी खात्री आहे, त्यांना खरंच तसं वाटत होतं. लबाड माणूस निदान रात्री एकदा तरी स्वतःशी खरं बोलत असेल. सरांना ती सोयच नव्हती.

वैशालीने प्रबंधात एक परिच्छेद घातला. पहिल्या नमुन्यांची लेबलं शाईची होती, ती विरघळली, नंतर अंदाजाने लावली, म्हणून ते नमुने बाद केले. 'शाई' हा शब्द नजरेला पडताच सरांनी तो परिच्छेद हिरव्या शाईत आडवा कापला. तिने पुन्हा घातला. त्यांनी पुन्हा कापला. तिसऱ्या वेळी मुदतीला पाच दिवस राहिले होते. तिने तो काढला आणि सही मिळाली. त्या दिवशी जिन्यात मला भेटली तेव्हा म्हणाली, "महाजन सर, आबांना सांगितलंय, यंदा नक्की." माझ्याकडे न बघता म्हणाली.

मौखिक परीक्षा खुली होती. बाहेरगावहून एक परीक्षक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मागच्या बाकांवर मुलं, पुढच्या रांगेत सर, नवी सफारी. शेवटच्या बाकावर आबा, टोपी मांडीवर घेऊन. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "सगळे जण स्पिरिटमध्ये ठेवतात. तुम्ही वाळवलेल्या परांवर का काम केलंत?"

वैशाली सरळ म्हणाली, "स्पिरिटमधले होते, मॅडम. त्यांची लेबलं शाईची होती. विरघळली. मग ती अंदाजाने लावली गेली."

"प्रबंधात हे नाही. कोणी लावली?"

वैशालीने तोंड उघडण्याआधी सर उठले. माझ्याकडे हात करून म्हणाले, "आमचे हे सहकारी. हुशार आहेत, पण जरा धांदरट. रजिस्टरमध्ये अक्षर यांचंच आहे."

सगळी मुलं माझ्याकडे वळून बघायला लागली. अक्षर माझंच होतं. सगळं तिथेच मिटत होतं, धांदरट महाजनावर हसून. वैशालीलाही ते कळत होतं. तिची पदवी समोरून चालत येत होती, फक्त तिने आता काही बोलायला नको होतं.

"महाजन सरांनी फक्त लिहून घेतलं, मॅडम," ती म्हणाली. "रजिस्टर आणता येईल."

किल्ली माझ्या खिशात होती. सापडत नाही, असं मी म्हणू शकलो असतो. अकरा वर्षांत मी केलेलं एक धड काम म्हणजे मी उठलो आणि रजिस्टर आणलं. बाईंनी पानं उलटली. माझं बारीक अक्षर, आणि प्रत्येक पानाखाली हिरवं, वळणदार, 'मी स्वतः पाहिले, योग्य'. पान, सही. पान, सही. दुसऱ्या कोणी सरांना पकडलं नाही. त्यांना त्यांच्याच सहीने पकडलं. बाईंनी रजिस्टर मिटलं, सरांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "तो परिच्छेद प्रबंधात घाला. मार्गदर्शकांची त्याखाली वेगळी सही घ्या. काम उत्तम आहे."

दुसऱ्या दिवशी वैशालीने तो कागद सरांपुढे ठेवला. तेव्हा मी त्यांना वाचताना पाहिलं. ओठ हलवत, ओळीवर बोट ठेवून, दोनदा. मला वाटलं होतं, आता तरी या माणसाची थोडी दया येईल. नाही आली. त्यांनी पेन काढलं, टोपण फिरवलं आणि नुसती सही केली. 'पाहिले'ही नाही, 'योग्य'ही नाही. फुंकर मारायलाही विसरले, म्हणून ती थोडी पसरली.

वैशाली आता अमळनेरकडे एका कॉलेजात कायम आहे. पाकिटांचा डबा तिथल्या कपाटात आहे म्हणते.

सर निवृत्त झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मी त्यांना सुमनअक्काच्या पाटीपुढे पाहिलं. तीच सफारी, पण खिशात पेन नव्हतं. त्यांनी एक मरळ उचलली.

"ही कुठली गं?"

"तुम्हीच सांगा, सर. तुम्हले बठ्ठं समजस," अक्का म्हणाली, नेहमीसारखी.

सरांनी मान तिरकी केली. मासा अगदी नाकाशी नेला. उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. खूप वेळ झाला आणि त्यांच्या तोंडून काही निघेना. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"महाजन," ते म्हणाले, "तुला काय वाटतं?"

अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला होता. मला एवढंच माहीत होतं की ती तळ्याची आहे.

"गिरणेची," मी ठासून म्हणालो. "तोंडावरनंच कळतंय, सर."

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवी पुढे केली.